बंद खोलीतली संत्री

१

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीला थोडा वेळ असतानाच, डॉ. रुपराव घाटोळे यांच्या भट्टीतली नळी तुंबली आणि सिंधूताई काळमेघ यांचा डबा उघडायचा राहून गेला.

सिंधूताई नागपूरच्या त्या रसायन संशोधन केंद्रात सुरक्षा अधिकारी होत्या. एमएस्सी झाल्या तेव्हा आपण संशोधन करू असे त्यांना वाटले होते. प्रत्यक्षात आग विझवायच्या बादल्यांत वाळू आहे की विड्यांची थोटके आहेत, हे पाहण्यात त्यांचे निम्मे आयुष्य गेले. ‘ताईंना सांगा’ हे दोन शब्द केंद्रात शिपायापासून संचालकांपर्यंत सगळ्यांना पाठ होते. ते कानावर पडले की ताईंच्या कपाळाला आठी पडे, आणि चौऱ्याऐंशी सालापर्यंत ती आठी तिथेच मुक्कामाला आली होती.

त्या पोचल्या तेव्हा भट्टीच्या खोलीत सांध्यातून गॅस फुसफुसत होता. चंद्रभान गजभिये या ऑपरेटरने सिलिंडर बंद केला होता, वीज तोडली होती आणि तो ओल्या फडक्याने सांधा आवळत होता. रुपराव मात्र बाहेर व्हरांड्यात, जमलेल्या सगळ्यांसमोर ओरडत होते.

“याने वाफ बंद केली. वर्षभराची मेहनत गेली माझी. याला आजच्या आज काढून टाका.”

चंद्रभानने सांधा पुन्हा एकदा चाचपून पाहिला. फडके पिळून तो बाहेर आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

रुपरावांचे काम सांगायला सोपे होते. समुद्रातल्या विहिरींतून निघणाऱ्या वायूत इथेन असतो. तो वाफेत मिसळून लालभडक तापलेल्या पोलादी नळीतून क्षणात पळवायचा आणि लगेच थंड करायचा. तेवढ्यात त्याच्यातला थोडा हायड्रोजन सुटतो आणि एथिलीन तयार होते. त्यातूनच पुढे प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि बादल्या होतात. खोडी एकच. त्या आचेत थोडा वायू पार मोडतो आणि त्याची काजळी नळीला आतून धरते. वाफ ही काजळी साचू देत नाही. म्हणून वाफ बंद झाली की नळी चिलमीसारखी तुंबणार, हे रुपरावांचे म्हणणे शहाण्या माणसाला पटण्यासारखे होते.

पुढच्या गुरुवारी दिल्लीची समिती भट्टी पाहायला यायची होती. संचालक चंपतराव पराते यांनी समोरच खोलीला कुलूप लावले, त्यावर लाखेची मोहर केली, आणि ताईंना जे ऐकायचे नव्हते तेच म्हणाले. चौकशी ताईंनी करावी, बुधवारपर्यंत अहवाल द्यावा. चंद्रभान कित्येक वर्षे रोजंदारीवर होता. त्याला कायम करण्याचा कागद चंपतरावांच्या टेबलावर सहीसाठी पडलेला होता. ताईंना घेऊन ते आपल्या खोलीत गेले, तो कागद उचलला आणि खणात टाकला.

“तुमचा अहवाल येऊ द्या,” ते म्हणाले, “मग बघू, ठेवायचा की फाडायचा.”

२

सिंधूताईंनी आधी रुपरावांना गाठले. ते शांत झाले होते, आणि शांत झालेला रुपराव ओरडणाऱ्यापेक्षा जास्त वैताग आणतो असा ताईंचा अनुभव होता. त्यांनी ताईंपुढे पिशवीभर संत्री ठेवली. नरखेडजवळ त्यांच्या वडिलांची, बळीरामजींची, बाग होती. दरवर्षी दसऱ्याला तिथून केंद्रातल्या सगळ्यांसाठी संत्री येत. या दिवसांत फळ आतून गोड झालेले असते, पण सालीवर रंग चढलेला नसतो. ही संत्रीही हिरवीगार होती आणि प्रत्येकाच्या देठाला दोन पाने होती. बळीरामजींची ती पद्धत सगळ्यांना ठाऊक होती. बाजाराच्या फळाला ते पान ठेवत नसत, भेटीच्या फळाला दोन पाने ठेवल्याशिवाय पाठवत नसत.

वडील आले होते का, असे ताईंनी सहज विचारले. नाही, एसटीतून ओळखीच्या माणसाबरोबर प्रतापनगरला घरी टोपली पाठवली, असे रुपराव म्हणाले. मग त्यांनी आपली बाजू मांडली. खोलीच्या किल्ल्या दोन, एक त्यांच्याकडे, एक चंद्रभानकडे. नवमीच्या आदल्या दिवशी सांध्याची चकती बदलायला नळी काढून टेबलावर ठेवली होती. तेव्हापासून ती तुंबेपर्यंत आपण त्या खोलीत पाऊल टाकले नाही. नळी बसवली चंद्रभानने, भट्टी पेटवली चंद्रभानने.

“आणि पूजा?” ताईंनी विचारले. खंडेनवमीला केंद्रात यंत्रांची पूजा होई.

“ती त्या नत्थूच्या वर्कशॉपात. मला विचारायला आला होता तो. मी म्हटलं, हळदकुंकू लावून एथिलीन वाढत नसतं.”

दुसरा संशयित आपल्या पायांनी चालत आला. डॉ. ओमप्रकाश तिवारी यांची खोली व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला होती आणि त्यांची पद्धतही दुसऱ्या टोकाची होती. ते इथेनमध्ये बेताने ऑक्सिजन सोडून उत्प्रेरकाच्या गोळ्यांवरून नेत. आच कमी लागे, काजळी जवळजवळ होत नसे, पण बराचसा वायू एथिलीन व्हायच्या ऐवजी नुसता जळून जाई. रुपराव त्याला ‘तिवारींची चूल’ म्हणत. दिल्लीचा पैसा दोघांपैकी एकालाच मिळणार होता, तेव्हा भट्टी बंद पडण्यात सगळ्यात मोठा फायदा तिवारींचा होता.

“लोक माझं नाव घेऊन राहिले, मला माहीत आहे,” तिवारी बसत म्हणाले. “पण ताई, सोचा जरा. मी ती भट्टी कशाला बिघडवू? घाटोळे आहेत ना त्यासाठी.”

त्यांच्याकडे किल्ली नव्हती, आणि नवमीला नि दसऱ्याला ते जबलपूरला सासुरवाडीत होते. स्टेशनवर पोचवायला केंद्राचीच जीप गेली होती, तीही ताईंच्या परवानगीने. ताईंना स्वतःचाच राग आला. एक सोयीस्कर संशयित त्यांनी आपल्याच हाताने गाडीत बसवून दिला होता.

राहिला चंद्रभान. तो खुर्चीवर बसेना. कितीदा तरी सांगावे लागले, तेव्हा कडेला टेकला.

“म्या वाफ नाही बंद केली ताई. काहून करीन? पाण्याची टाकी पाहा ना, जेवढं पाणी जाले पायजे तेवढं गेलं आहे.”

त्याने पाणी नंतर सोडून दिले असेल, असे रुपराव म्हणतात, हे ताईंनी सांगितले. चंद्रभान कडवट हसला. नवमी आणि दसरा, दोन्ही दिवस तो दीक्षाभूमीवर होता. गावोगावहून आलेल्या लोकांना पाणी द्यायच्या मांडवात. वस्तीतली निम्मी माणसे त्याच्याबरोबर होती. परतल्यावर सकाळी आला, नळी उचलली, बसवली.

“आतून पाहिली होती?”

“नाही,” तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याने नजर खाली केली. “माह्याच हातानं मुरवलेली नळी. तिले काय पाहाचं? अंगठा जाईल एवढं तं भोक.” मग म्हणाला, “वर्कशॉपात काय म्हणून राहिले, ऐकलं का? यानं मशीनची पूजा नाही केली म्हणून मशीन कोपली. नोकरी जाईल तं जाईल ताई. पण साहेबानं ते साऱ्यांसमोर म्हटलं. मायी पोरगी इथल्या हापशीवर पाणी भराले येते.”

३

सोमवारी मोहर तोडून खोली उघडली. खिडक्या बंद, आत कोंदट, गोडसर वास. ताईंनी दार-खिडक्या उघडून सगळ्यांना पाऊण तास उन्हात उभे केले. चंपतराव सारखे घड्याळ पाहत होते आणि ताई मुद्दाम पाहत नव्हत्या.

आत दोन गोष्टी सापडल्या. टेबलाच्या फळीच्या फटीत कुंकवाने लाल झालेले चार तांदूळ अडकले होते. आणि टेबलाखाली, पाण्याच्या टाकीच्या मागे, बांबूची एक टोपली होती. टोपलीत संत्री होती, चित्रात काढावीत तशी नारिंगी, सालीवर हिरवा ठिपकासुद्धा नाही.

“ही कुणाची?” चंपतराव म्हणाले.

रुपरावांचा चेहरा क्षणभर उतरला, पण आवाज लगेच सावरला. “माझी नाहीत. आमच्या बागेतली असती तर हिरवी असती. ताईंनाच विचारा, त्यांच्याकडे आहेत. ही कुठून तरी विकत आणलेली दिसतात. चंद्रभानने आणली असतील.”

“म्या संत्रं कधी इकत घेतलं का ताई,” चंद्रभान दारातून म्हणाला, “दसऱ्याच्या भावात?”

कुणीतरी हसले. चंपतरावांना मुद्दा पटला. संत्री नारिंगी आहेत, म्हणजे घाटोळ्यांची नाहीत. सिंधूताईंनाही तो त्या वेळी पटला, आणि नंतर स्वतःवर चिडायला त्यांना आणखी एक कारण मिळाले.

कुंकवाचे तांदूळ घेऊन त्या वर्कशॉपात गेल्या. नत्थू शपथेवर सांगू लागला की साहेबांनी हाकलल्यावर आपण त्या खोलीकडे फिरकलोही नाही. पूजेच्या वेळी सगळे केंद्र वर्कशॉपात होते, अगदी फाटकावरचा कवडू चौकीदारसुद्धा.

“मग फाटकावर कोण होतं?”

“परसाद वाटणं चालू होतं ना ताई,” नत्थू समजावणीच्या सुरात म्हणाला.

ताईंनी डोळे मिटून घेतले. सुरक्षा अधिकारी म्हणून त्यांना बरेच काही बोलता आले असते. त्याऐवजी त्यांनी नत्थूकडून नळी उभी चिरून घेतली.

आत काजळी होती. पण ती जिथे असायला हवी होती तिथेच नव्हती. वाफेवाचून तुंबलेली नळी शेवटच्या, सगळ्यात तापलेल्या टोकाला जास्त तुंबते. ही तर जिथे वायू आत शिरतो, जिथे आच तेवढी नसते, तिथपासूनच भरली होती. मऊ, केसाळ, मांजराच्या शेपटीसारखी काजळी भिंतीलाच चिकटून वाढलेली. नत्थूने ती खरवडली. खालचे पोलाद चकाकत होते आणि त्यावर गोल गोल बारीक ओरखडे होते.

“पॉलिश पेपर,” नत्थू म्हणाला. “काडीले गुंडाळून फिरवला कोणीतरी. मस्त काम केलं पण.”

४

त्या संध्याकाळी घरी स्वयंपाकाला येणाऱ्या अंजनाबाईने धिरडी घातली. पहिले तव्याला चिकटले. दुसरेही चिकटले. तिसऱ्याचे तुकडे उचटण्याने उकरून काढताना सिंधूताई स्वयंपाकघरात आल्या आणि त्यांनी तवा पाहिला. त्यांच्या सासूच्या हातचा, वर्षानुवर्षे तेल पिऊन काळाभोर झालेला बिडाचा तवा चांदीसारखा पांढरा झाला होता.

“अंजनाबाई, हे काय केलंस?”

“दसऱ्याचं घासला ना बाई. केवढा काया झाला होता. विटकरीनं घासला दोन घंटे, तवा उजळला.” तिला शाबासकी हवी होती. “तुमी तं पाहूनच नाही राहिल्या.”

ताईंनी संतापून उचटणे हिसकावले, पण तव्याकडे पाहता पाहता ते हातातच राहिले. त्या पाटावर बसल्या. मुरवलेला तवा घासला की पुढचा पदार्थ उघड्या बिडालाच धरतो. नळीचेही तेच. नव्या नळीत चंद्रभान आठवडाभर गंधकाच्या औषधाचा थोडा थोडा वायू सोडून आतल्या पोलादावर काळपट पापुद्रा चढवी; त्यालाच तो मुरवणे म्हणे. उघड्या पोलादातले निकेल काजळी ओढून घेते, पापुद्रा तिला अडवतो. तो पापुद्रा कुणीतरी कागद फिरवून खरवडला होता. वाफ चालू होती. वाफेचे काही चुकले नव्हते.

मग कुणी? भट्टी बिघडवायचीच होती तर शंभर सोपे मार्ग होते. आणि शत्रू असा मन लावून कोपरा न् कोपरा उजळत नाही. अंजनाबाईसारखे ज्याला शाबासकी हवी आहे, तोच घासतो. घासतो आणि मग कुंकू लावतो.

सकाळी टोपलीतून, तळच्या कचऱ्यासकट, उचलून पिशवीत घातलेली दोन नारिंगी संत्री त्यांनी बाहेर काढली. पिशवीच्या तळाशी काहीतरी खसखसले. ताईंनी ते मुठीत घेतले, दिव्याखाली धरले आणि कपाळावर हात मारून घेतला.

“काय झालं वं बाई?” अंजनाबाई घाबरून म्हणाली.

“गाढव आहे मी,” सिंधूताई म्हणाल्या. “आणि तो घाटोळे माझ्याहून मोठा.”

५

बुधवारी त्या संचालकांच्या खोलीत गेल्या तेव्हा रुपराव, तिवारी आणि चंद्रभान तिथे होते. ताईंनी टेबलावर काचेची एक बरणी ठेवली. आत एक संत्रे होते, हिरव्यावर नारिंगी चढू लागलेले. शेजारी दुसरे ठेवले, हिरवे.

“दोन्ही डॉ. घाटोळ्यांनी मला दिलेल्या पिशवीतली,” त्या म्हणाल्या. “एक टेबलावर राहिलं. दुसरं मी सोमवारी रात्री परत येऊन या बरणीत घातलं, आणि तिवारींकडून थोडं एथिलीन मागून आत सोडलं.”

तिवारी खुर्चीत पुढे सरकले. “अरे,” ते हळूच म्हणाले, आणि रुपरावांकडे बघायचे त्यांनी टाळले.

नळी तुंबली तेव्हा मागे दाटलेला गॅस, त्यात झालेल्या एथिलीनसकट, सांध्यातून खोलीत पसरला होता, ताई सांगू लागल्या. लगेच खोलीला मोहर लागली. तो गॅस बंद खोलीत तीन दिवस टोपलीशेजारी कोंडून राहिला. एथिलीन संत्र्याच्या सालीचा हिरवा रंग काढून टाकते, हे नागपुरात फळवाल्यालाही माहीत आहे, फक्त त्याला नाव माहीत नसते. म्हणजे ती संत्री नारिंगी होती म्हणून ती घाटोळ्यांची नाहीत, हे म्हणणे उलटे होते. ती आली तेव्हा हिरवीच होती. त्याच गॅसने देठाची पानेही गळतात. ताईंनी मुठीतली सुकलेली पाने टेबलावर टाकली. टोपलीच्या तळाला असा थर होता. मोजून पाहायची गरज नव्हती. एका फळाला दोन, ही बळीरामजींची पद्धत.

“नवमीला तुमचे वडील आले होते, डॉक्टर. टोपल्या दोन होत्या. एक घरी गेली, दुसरी इथे वाटायला आणली. फाटकावर कुणी नव्हतं. तुम्ही त्यांना भट्टी दाखवायला आत नेलंत.”

रुपराव म्हणाले की हा सगळा तर्क आहे.

“तर्कच आहे,” ताई म्हणाल्या. “नळी घासणारा माणूस तुमच्या किल्लीने आत आला, कारण चंद्रभानची किल्ली त्याच्याबरोबर दीक्षाभूमीवर होती. तुम्ही स्वतः ती घासणार नाही, मुरवलेली नळी काय असते ते तुम्हाला कळतं. मग तुम्ही कुणाला आत नेलंत? आणि कुणासाठी खोटं बोलताय? स्वतःसाठी म्हणावं, तर बाहेरचा माणूस आत नेला म्हणून मी फार तर एक मेमो दिला असता. माझ्या मेमोला इथे कोण घाबरतं?”

रुपरावांनी टेबलावरचे एक सुकलेले पान उचलले.

“दिल्लीचा फोन आला होता मला,” रुपराव शेवटी म्हणाले. “ट्रंक कॉल. तासभर ऑफिसात अडकलो. परत आलो तर बाबांनी नळीला झेंडूचा हार घातला होता. मी हसलो. हार काढला, त्यांना स्कूटरवर बसवलं आणि घरी नेलं; टोपली टेबलाखालीच राहिली. आत काय केलं ते त्यांनी सांगितलंच नाही, मीही विचारलं नाही. नळी तुंबली तेव्हा... घरी जाऊन विचारलं. म्हणाले, केवढी काळी ठेवली होती रे, तिथलाच पॉलिश पेपर घेऊन, विहिरीवरच्या मोटारीचा पाइप घासतो तशी लखलखीत करून दिली.” त्यांनी चष्मा काढला. “पण तोवर मी व्हरांड्यात बोलून बसलो होतो.”

“आणि मग खरं कळल्यावरही चंद्रभानला तसंच लटकत ठेवलंत,” ताई म्हणाल्या. आवाज चढवायची ताकद त्यांच्यात उरली नव्हती. “सोमवारी टोपलीसुद्धा त्याच्याच गळ्यात मारलीत. आयुष्य या एका गॅसमागे घातलंत, आणि तो संत्र्याचं काय करतो ते तुमच्या डोक्यात आलं नाही?”

“आलं होतं,” रुपराव म्हणाले. “वाटलं, तुमच्या नाही येणार.”

सिंधूताईंनी बरणीचे झाकण उघडले आणि आतले संत्रे रुपरावांपुढे ठेवले.

चंपतरावांनी खणातून कागद काढला, धूळ नसताना झटकला आणि सही केली. मग चंद्रभानला विचारले, तुझे आणखी काही म्हणणे आहे का.

“साहेबानं व्हरांड्यात म्हटलं होतं,” चंद्रभान म्हणाला. “व्हरांड्यातच वापस घ्यावं. साऱ्यांसमोर. बाकी काही नाही.” दारापर्यंत जाऊन तो वळला. “अन् बुढ्याले काही सांगू नका. त्यानं आपल्या परीनं चांगलंच केलं.”

दुपारच्या सुट्टीत रुपराव व्हरांड्यात उभे राहिले आणि सगळ्यांसमोर बोलले. आवाज बारीक निघाला, मागच्यांना ऐकू आला नाही, म्हणून नत्थूने पुन्हा बोलायला लावले. ते पुन्हा बोलले. दुसऱ्या दिवशी आलेल्या समितीला दाखवायला चालू भट्टी नव्हती. त्या वर्षीचा पैसा तिवारींच्या चुलीला गेला.

दिवाळीनंतर बळीरामजी पुन्हा आले, धोतराचा सोगा सावरत, डोक्यावर टोपली घेऊन. या वेळी कवडू फाटकावर होता. त्याने त्यांना सरळ ताईंकडे आणले, आणि ताई स्वतः त्यांना भट्टीपर्यंत घेऊन गेल्या. नवी नळी लाल तापून चालू होती. जादा नळ्या चंद्रभानने कपाटात ठेवून त्याला कुलूप घातले होते. म्हाताऱ्याने काचेतून बराच वेळ आत पाहिले.

“चांगली चालून राहिली गा,” ते चंद्रभानला म्हणाले. “चालंनच. दसऱ्याले म्या सोता घासून देल्ली होती. माह्या पोराले येवढंबी सुदरत नाही, शिकला खरं.”

“हो ना बाबा,” चंद्रभान म्हणाला. “तुमच्या हातचं काम.”

सिंधूताईंनी तोंड उघडले. चंद्रभानने त्यांच्याकडे पाहून हलकेच नकारार्थी मान हलवली. ताईंनी एक मोठा श्वास घेतला, टोपलीतले हिरवे संत्रे उचलून सोलले, आणि त्या उघडलेल्या तोंडात एक फोड टाकली.